नवी खिडकी, जुना पाट

अक्का केळुसकर बैलगाडीतून उतरली तीच रागाने फणफणत. गाडीवानाने हात पुढे केला, तो तिने झिडकारला आणि काठी टेकत टेकत गुरुदास नेरूरकराच्या पडवीत येऊन बसली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी माणूस कुठे बसलाय ते तिला बरोबर कळायचं.

"गुरुदास," ती म्हणाली, "आमच्या गणपतीचो पाट गेलो."

काशिनाथ मास्तर तिथेच झोपाळ्यावर होता. वैशाखातले दिवस, शाळेला सुट्टी, आणि चित्रकला शिकवणाऱ्या मास्तराला सुट्टीत काम ते काय? सकाळचा चहा घरी आणि दुसरा गुरुदासकडे, हा त्याचा नेम. अक्काचं बोलणं ऐकून त्याचा कप बशीतच राहिला.

ज्याला मालवणची रीत ठाऊक नाही, त्याला त्या वाक्याचं वजन कळायचं नाही. आमच्याकडे गणपती बाजारातून उचलून आणत नाहीत. नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन द्यायचा. तो त्याच पाटावर माती चढवणार आणि चतुर्थीला देव आपल्या पाटावर बसूनच आपल्या घरी येणार. पाट म्हणजे देवाला घरचं बोलावणं. बोलावणंच हरवलं तर देव येणार कुठून?

"कोणी नेल्यान?" गुरुदासने विचारलं. त्याच्या हातातला अडकित्ता थांबला नव्हता.

"सुनेन. विमलान. देवाची खोली नवी करूक निघाली हा ना! खिडकी व्हयी, कोबो व्हयो, उजेड व्हयो. जुनो झालो म्हणान पाट चुलीत घातल्यान असतलो."

"तू बघलंस?"

"माका खंय दिसता? पण पायाक तरी कळता मां? तिचो घो परशा मुंबयच्या बोटीर गेलो त्या दुपारी मी देवापुढे नारळ ठेवक खोलयेत गेलंय. घरचा माणूस दर्यार गेला काय पोचल्याची तार येयसर मी पाटापुढे नारळ ठेवतंय. फडताळात हात घातलंय, पाट नाय. आदल्या सांजेक होतो, तेल लावलंय मी. आणि तेच्या खालचो कोनो वलो. पायाक गार लागलो." अक्काचा आवाज चिरकला. "सारवल्यान रे तिना! घो बोटीर आसताना सारवल्यान!"

काशिनाथने जीभ चावली. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यामागे घरात केरसुणी लावत नाहीत, आणि तो पोचल्याची खबर येईपर्यंत सारवत तर नाहीतच. घरातून माणूस निघाल्यावर सारवतात ते एकाच वेळी, तिरडी उठल्यावर. आणि अक्काला हे सांगायला नको होतं. तिचा नवरा ऐन तारुण्यात मचव्यासकट बुडाला. तो निघाला त्या दिवशी सासरी कोणीतरी ओटी सारवली होती, असं ती अजून सांगायची.

"भाई काय म्हणता?" गुरुदासने विचारलं. भाई अक्काचा भाऊ, विमलाचा सासरा.

"भाऊस काय म्हणतलो? मी सांगलंय तां ऐकता. उद्या सकाळी तिका वालावलाक, म्हायेरी पोचवतलो. पाट नाय तर ती नाय." मग ती जरा हळू झाली. "बापाशीन माका घरात परत घेतल्यान ना, तेव्हा म्हणालो, अक्का, हयो पाट तुझ्या ताब्यात. तेल लाव, पूस, सांभाळ. दुसरा काय माझा आसा त्या घरात?"

"आणि पाट तिना नेलो नाय असो ठरलो तर?"

"तर मी तिच्या पायाक पडतलंय."

गुरुदासने सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि चप्पल शोधायला लागला. मुंबईत तो बरीच वर्षं एका खाजगी चौकशी करणाऱ्या कचेरीत होता. वखारीला आग कोणी लावली, शेटाणीचे मोती कोणी पळवले, असली कामं. वडील गेले तसा माडांची बाग सांभाळायला गावी परतला आणि गावाने त्याला काही स्वस्थ बसू दिलं नाही. फी म्हणून शहाळी मिळायची, नाहीतर सुके बांगडे.

तारकर्लीला, केळुसकरांच्या घराकडे जाणारी वाट तेव्हा सगळी रेतीची. गाडी माडांच्या सावलीतून डुलत निघाली आणि काशिनाथचं मन मागे गेलं.

केळुसकरांची ती खोली त्याने लहानपणापासून पाहिलेली. बुटकी, काळोखी, एकही खिडकी नाही. समईच्या काजळीने वासे काळे पडलेले. चतुर्थी जवळ आली की भिंतीला शिंपल्यांचा चुना लागायचा आणि गणपतीमागची भिंत रंगवायला काशिनाथला बोलावणं यायचं. एका वर्षी मोर, एका वर्षी कमळं, एका वर्षी गलबत. पुढल्या वर्षी त्यावर पुन्हा चुना. त्या एका भिंतीत आपली सगळी उमेद थरावर थर लिंपलेली आहे, असं त्याला वाटायचं. खोली नवी होतेय म्हटल्यावर त्याला ते रुचलं नव्हतं, खोटं कशाला बोला.

"परशुरामालाही जुन्याची ओढ आहे बरं का," तो गुरुदासला म्हणाला. "गेल्याच आठवड्यात मला बोलावलं. म्हणाला, मास्तर, पाटाच्या कडेची वेल कागदावर उतरवून द्या, मुंबईच्या खोलीत लावतो. वेलच तशी आहे ती, पानाआड फूल आणि फुलाआड कळी. आता असं कोरणार कोण?"

"पाट तू हातात घेतला होतास?"

"छे. त्यानेच मांडीवर धरला होता. म्हटलं जरा उभा कर, खालची कड दिसत नाही. तर म्हणाला, वरूनच काढा."

गुरुदास नुसता "हं" म्हणाला आणि माडांकडे बघत बसला.

खोलीचं काम अर्ध्यावर होतं. समुद्राकडच्या भिंतीतले चिरे काढून खिडकीची चौकट बसवलेली. चौकट सागवानी, पण तिच्यावर जुन्या खिळ्यांची भोकं, म्हणजे लाकूड आधी दुसरीकडे नांदलेलं. एक झडप लागलं होतं, दुसऱ्याच्या जागी गोणपाट ठोकलेलं. वर कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलं होतं आणि त्यातून उन्हाचा पट्टा जमिनीवर उतरला होता. दाराशी सिमेंटच्या गोणी.

"एवढ्यात खोली भागेल?" काशिनाथने विचारलं.

भाई केळुसकर दारात उभा होता. एके काळचा तांडेल, आपल्या मचव्यावर हुकूम चालवलेला माणूस, आता पाठीत वाकलेला. "अर्धीच," तो म्हणाला. "बायल माणसा बसतत तितक्याच कोबो. देवाचो कोनो मातयेचोच रवतलो. विमला म्हणाली, तो कोनो खणू नको, सारवलेलोच बरो दिसता. पैशे पण वाचले."

"खिडकीक लाकूड खंयचा?"

"माझो मचवो फोडलंय." भाईने हे वाक्य खिडकीकडे बघून उच्चारलं. "किनाऱ्यार कुजान जायत, तेच्यापेक्षा देवाच्या खोलयेक लागलो तर बरा. सून म्हणाली, आणि माका पटला. सगळो साग. ह्या खिडकेक पुरान उरात इतको."

गुरुदास कोपऱ्यात उकिडवा बसला. फडताळाखालचा तेवढाच तुकडा नव्याने सारवलेला. त्याच्यावर एक लांबट चौकोन उमटला होता, कोपऱ्यांना जास्त रुतलेला. काशिनाथने वाकून बघितलं. "पाटाचाच ठसा असणार," तो म्हणाला. "इथे टेकवला असेल कोणीतरी."

"पाट एवढा मोठा होता?"

काशिनाथने मनात वेल मोजली. चौकोन पाटाच्या दुपटीने होता.

"भाई, त्या दिवशीचा सांग," गुरुदास म्हणाला.

"काय सांगाचा? शेवटची बोट. ही चुकली तर पावसाळो सरापर्यंत दुसरी नाय. सकाळी मी, बाबली सुतार आणि पुतण्यो बाळा, तिघव गाडयेतसून परशाक घेवन बंदरार गेलंव. अक्का ओटयेर, सून चुलीकडे. आमी येयसर दुपार झाली आणि हय बोंब चालू."

"परशाचा सामान खंय होता?"

"एक ट्रंक. सकाळी उठलंय तेव्हा हयच, देवापुढे होती. सकाळी बाबलेन उचलल्यान."

बाबली सुतार मांगरात, म्हणजे घरामागच्या गवती छपरीत, बसला होता. गुडघ्यावर दगड घेऊन बारीक पटाशीला धार लावत होता. माणसं दिसल्याबरोबर पटाशी मांडीखाली गेली. काशिनाथला त्याचं हसू आलं. सुतार आणि शिंपी, काम मागायला कोणी आलं की आधी हत्यार लपवणार.

"दुसरा झडप कधी लावतलंस?" गुरुदासने विचारलं.

"फळी कमी पडली."

"भाई म्हणता उरात इतकी आसा."

"भाईक काय? तांडेल तो. लाकूड कापताना भुसो किती जाता तां तेका काय ठावक?" बाबलीने विषय बदलला. "माझा नुकसानच झाला ह्या घरात. बंदरार गेलंय तर परशाची ट्रंक खांद्यार मारलंय, आणि नवो सदरो शेणान भरलो. बायलेन दोनदा धुतल्यान, डाग काय जायना."

"बैलगाडीत शेण लागायचंच," काशिनाथ समजुतीने म्हणाला.

"गाडयेत ठेवच्या आधी लागला, मास्तर. खांद्यार घेतलंय तेव्हाच."

बाळा केळुसकराचं घर कुंपणापलीकडे. त्याच्या बापाच्या वेळेपासून भांडण, की मूळ गणपती आमच्याकडे बसायला हवा. काशिनाथचा सगळा संशय त्याच्यावर. तो जाळ्याची गाठ मारत बसला होता आणि त्याने मान वर केली नाही.

"नेवन करतलंय काय मी तेचा?" तो म्हणाला. "शाळेत पाट ठेवलो काय मूर्तिकार नाव न विचारता सांगता, हयो केळुसकरांचो, भाईच्या घरचो. पाटाक तोंड आसता, गुरुदास. चोरलेलो पाट घेवन मी खंय जावं? भाईशी भांडाण आसा माझा. देवाशी नाय."

परत येताना काशिनाथ हिरमुसला होता. "बरोबरच बोलला तो. मग विमलाच राहिली."

"हो," गुरुदास म्हणाला. "विमलाच राहिली."

विमला चुलीपाशी बसली होती. बाजूला कपड्यांचं बोचकं बांधून तयार. वालावलची मुलगी, लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारी वाढलेली, आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. डोळे रडून सुजले होते, पण कुंकू ठसठशीत. बोलता बोलता तिची नजर सारखी दाराबाहेर, वाटेवर जात होती.

"तारेची वाट बघतंस?"

"होय. अजून येवक नाय."

"पाट तू घेतलंस?"

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"कोनो तू सारवलंस?"

"होय."

"कधी?"

तिने मान खाली घातली. "अक्का सांगतत तसा समजा."

"खिडकी कोणाक व्हयी होती, विमला?"

या प्रश्नाची तिला कल्पना नव्हती. तिने चटकन उत्तर दिलं. "अक्कांक. काळोखात तेंका काय्येक दिसणा नाय. गेल्या चतुर्थीक माका विचारल्यानी, गो, औंदा पीतांबर खंयच्या रंगाचो केलो हा? मगे माझ्या मनात इला, दिवसाचो उजेड इलो तर थोडाफार दिसात. ह्यांका सांगलंय, ह्येंनी भाईंक सांगल्यानी." आणि मग तोंडाला पदर लावून ती उठून परसात गेली.

काशिनाथ हळूच म्हणाला, "गुरुदास, ही बाई पाट जाळणारी नव्हे."

"नव्हेच. पण घेतला तिनेच."

उन्हं कलली तशी गुरुदासने सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. अक्का भिंतीला टेकून बसली. भाई उंबऱ्यावर. बाळाही आला, बोलावलं म्हणून नव्हे, राहवलं नाही म्हणून. बाबली दाराआड. विमला खांबाला धरून उभी. महत्त्वाचं बोलायचं झालं की गुरुदास मालवणी सोडून कचेरीतल्या मराठीत शिरायचा. काशिनाथला ते माहीत होतं. तो सावरून बसला.

"अक्का," गुरुदास म्हणाला, "तुझ्या तक्रारीत दोन गोष्टी होत्या. पाट गेला आणि विमलाने परशुराम बोटीवर असताना सारवलं. पहिली खरी आहे. दुसरी होऊच शकत नाही."

"माझ्या पायाक वला लागला."

"लागलं. पण ओलं लागलं म्हणजे तेव्हाच सारवलं, हा तुझा हिशेब. मी उलटा विचार केला. जी बाई तार आली नाही म्हणून घास गिळत नाही, ती नवऱ्याची गाडी वळते न वळते तोच शेणाचा गोळा हातात घेईल? तू घेशील? मालवणच्या किनाऱ्यावर अशी एक बाई दाखव. चोरीसुद्धा करेल, पण हे करणार नाही."

अक्काने काठी मांडीवर आडवी घेतली.

"म्हणजे सारवलं ते परशुराम घरात असतानाच. निव्वळ तर्क नाही हा. हा ठसा बघा." त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "मास्तर म्हणाले पाटाचा. पाट एवढा मोठा नव्हता. एवढी मोठी आणि जड, कोपऱ्यांना पत्र्याची टोपणं असलेली एकच वस्तू या खोलीत होती. परशुरामची ट्रंक. ओल्या सारवणावर ट्रंक ठेवली, म्हणून ती रुतली. तिचा तळ शेणाने भरला, तो बाबलीच्या सदऱ्याला लागला, तोही गाडीत ठेवण्याआधी. ट्रंक त्या सकाळी बोटीवर गेली. तेव्हा सारवण तिच्या आधीचं, हे सांगायला आणखी साक्षीदार नको."

"पण दुपारपर्यंत ओलं राहिलं?" काशिनाथने विचारलं. "वैशाखात?"

"वर ट्रंक, वारा नाही. आणि खाली नुसतं सारवण नाही. खाली नवी ओली माती आहे, चोपून भरलेली. ट्रंक त्यासाठीच ठेवली होती, कोणाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून."

भाई उंबऱ्यावरून उठला. "परशान? माझ्या झिलान?"

"दोघांनी मिळून, पहाटेला, तुम्ही उठायच्या आत. आता प्रश्न एवढाच, की घरच्या मुलाने घरचा पाट त्या मातीखाली का पुरला? त्याचं उत्तर आमच्या मास्तरांकडेच होतं." गुरुदास काशिनाथकडे वळला. "वेल उतरवून घेतली, पण पाट हातात दिला नाही. उभाही केला नाही. खालची बाजू दाखवायची नव्हती त्याला. आणि वेल मुंबईच्या भिंतीसाठी नव्हती. बाबलीकडे फळी कमी पडते, खिडकीच्या कामात न लागणारी बारीक पटाशी परजली जाते, आणि माणसं दिसली की ती मांडीखाली जाते."

दाराआड बाबली खाकरला.

"काका, नको," विमला एकदम म्हणाली. "पुढे नको. मी जातंय वालावलाक. माझा काय म्हणणा नाय."

गुरुदास थांबला. खरंच थांबला. काशिनाथने त्याला असा अडलेला आधी कधी पाहिला नव्हता. त्याची नजर एकदा विमलाकडे गेली, एकदा अक्काकडे, आणि त्याने खिशातला अडकित्ता उगाच काढून परत ठेवला.

"कित्याक थांबलंस?" अक्का म्हणाली. "बोल. माझो पाट आसा तो."

"अक्का, ऐकवणार नाही तुला."

"माझा घोव बुडाल्याचा ऐकलंय मी. खण तो कोनो, भाऊ."

भाईने खुरपं आणलं. मऊ मातीत ते सहज गेलं. कडुनिंबाचा पाला निघाला, मग जाड मिठाचा थर, आणि त्याखाली एक गाठोडं. वरचं कापड हिरवं, जरीच्या काठाचं. विमलाचा लग्नातला शेला.

आत पाट होता. वरची बाजू तेलाने तुकतुकीत, वेल जशीच्या तशी. भाईने तो उचलला आणि खालून भुगा गळाला. वाळवीने आतून सगळा पोखरला होता. वर होतं ते नुसतं कवच, आणि तेही मधोमध चिरलेलं.

मग विमलाच बोलली, रडत रडत.

"खोली रिकामी करताना माका दिसलो. ह्यांका दाखयलंय. अक्कांनी जन्मभर सांभाळल्यानी आणि तो असो झालो, तां तेंका कसा सांगाचा? आमी ठरयलंव, तसोच नवो करून जाग्यार ठेवचो. मचव्याच्याच फळयेचो. जुन्याक देवाखालीच ठेवचो आणि चतुर्थीक देवावांगडाच दर्यात सोडचो. तेका घराभायर टाकूक मन होयना. बाबली म्हणालो, बोट सुटाच्या दिवशी सांजेक देतंय."

"सुताराचा शब्द," भाई पुटपुटला.

"वेल कठीण होती," बाबली दाराआडून म्हणाला. "आणि अक्का दुपारीच खोलयेत गेली. काम चालू आसताना ती भायरच नारळ ठेवात असा वाटलेला. मगे बोंब झाली. नवो पाट हाडलो तर जुनो खंय तां सांगूक व्हया. विमलान माका शपथ घातल्यान, अक्कांक कळता नये."

"त्यापेक्षा चोर ठरून माहेरी जाणं तिला बरं वाटलं," गुरुदास म्हणाला. एवढं बोलून त्याने कचेरीतली मराठी संपवली.

"दी माझ्याकडे," अक्का म्हणाली.

भाईने पाट तिच्या मांडीवर ठेवला. तिची बोटं आधी वेलीवरून फिरली, ओळखीच्या वाटेने, पानाआडच्या फुलापर्यंत. मग ती खालच्या बाजूला गेली आणि आत, पोकळीत शिरली. काशिनाथने मान फिरवली. त्याला ते बघवेना.

"माका ठावक होता," अक्का म्हणाली.

विमलाने डोळे पुसायचे थांबवले.

"गेली कितीतरी वर्सां हलको लागा माका. उचलताना कळा. म्हटलंय, लाकूड सुकला असतला. पण सुकला नाय तां पण माका ठावक होता. कोणाक दाखवूक धीर होयना. माझ्या हातात पाट कुजलो असा झाला तर माझा ह्या घरात रवला काय?" तिचा आवाज खाली गेला. "पाट नाय म्हटल्यार आधी माका बरा वाटला, गो. आता कोण बघूचा नाय म्हणान. आणि मगे मी तुझा नाव घेतलंय. खिडकी तुझी, म्हणान पाप पण तुझा. बरा सोपा होता तां."

विमला खांबाकडून आली आणि अक्कासमोर खाली बसली. भाईने खुरपं हातात धरलेलं तसंच होतं आणि त्याच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

"मी पायाक पडतंय म्हणालेलंय," अक्का म्हणाली. "पण तूच पाट नेलंस. म्हणान काय मी पडूचंय नाय."

सगळ्यांत आधी बाळाला हसू फुटलं. मग विमलाही रडता रडता हसली.

"बाबली, नवो खंय आसा? हाड. असात तसो हाड."

बाबली मांगरातून पाट घेऊन आला. एका बाजूची वेल अजून अपुरी होती. काशिनाथने पाहिलं, त्याच्या पेन्सिलीची पानं सागवानात उतरली होती. बापजाद्यांची वेल त्याच्या कागदावरून पुढच्या पिढीत गेली होती आणि त्याला तिचा पत्ता नव्हता.

"सगळ्यात मोठा साक्षीदार," गुरुदास त्याच्या कानाशी म्हणाला, "माझ्या शेजारी गाडीत बसून आला. आणि तोच मला विचारतो, चोर कोण."

अक्काने नवा पाट हुंगला. "दर्याचो वास येता," ती म्हणाली. "भाऊ, तुझ्या मचव्याचो." मग तिने खोबरेलाची वाटी मागितली, विमलाचा हात चाचपून धरला आणि तिच्या तळव्यावर तेल ओतलं.

"लाव. आजपासून तू सांभाळ. आणि खालसून पण लाव, दर सोमवारी उलटो करून बघ. माका कोणी सांगलेला नाय ता."

जुना पाट पुन्हा शेल्यात गुंडाळून, मीठ-पाला घालून त्याच कोपऱ्यात ठेवला. वरून सारवायची वेळ आली तेव्हा विमलाचे हात अडले. "तार येवक नाय अजून," ती म्हणाली. अक्काने मान डोलावली. कोपरा तसाच मातीचा राहिला. परशुराम सुखरूप पोचल्याची तार दुसऱ्या दिवशी आली, मग दोघींनी मिळून सारवलं.

त्या वर्षी काशिनाथने भिंतीवर मचवा काढला, शिडं फुगलेला. पुढे बोटी बंद झाल्या, वाट डांबरी झाली, पण केळुसकरांच्या भिंतीचं त्याला आठवायचं ते हेच चित्र. चतुर्थीच्या सकाळी खिडकीची दोन्ही झडपं उघडी होती. समोर समुद्र, आणि त्याच्याकडून येणारा उजेड सरळ देवावर. नव्या पाटावर गणपती बसला होता, आणि जुना पाट विसर्जनाची वाट बघत त्याच्याखाली.

अक्काला विमलाने हाताला धरून आत आणलं. अक्का बराच वेळ मान पुढे काढून उभी राहिली.

"दिसता काय?" विमलाने विचारलं.

"तोंड नाय दिसणा," अक्का म्हणाली. मग तिने विमलाचा हात घट्ट दाबला. "पण खाली पिवळा कायतरी आसा. पीतांबर मां, गो?"

"होय, अक्का. पिवळोच आसा."